हेवी मेटलच्या मांडवात ढोल: 'रक्षक' अल्बमचा इतिहास

दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडने स्वतः रचलेल्या गाण्यांचा पहिला अल्बम, 'रक्षक', 18 फेब्रुवारी 2022 रोजी प्रकाशित झाला. त्यात दहा गाणी आहेत. भाषा हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी. एकीकडे खालच्या सुरात लावलेल्या इलेक्ट्रिक गिटारी आणि घशातून काढलेली गर्जना, तर दुसरीकडे पंजाबी ढोल, तुंबी आणि बासरी. मागे कोणतीही रेकॉर्ड कंपनी नव्हती. बँडने तो स्वतःच्या बळावर तयार केला आणि स्वतःच बाजारात आणला. फोक मेटल, म्हणजे लोकसंगीताच्या पायावर उभे राहिलेले हेवी मेटल, भारताच्या बाजूने जगाच्या कानावर ठळकपणे पडले ते या अल्बमने. त्याची घडण समजून घ्यायची तर तीस-पस्तीस वर्षे मागे, आणि त्याही आधी इंग्लंडातल्या एका कारखान्यापर्यंत जावे लागते.

बर्मिंगहॅम हे लोखंडकामाचे शहर. तिथल्या पत्रे कापण्याच्या कारखान्यात काम करताना टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा गिटारवादक असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच होती. त्याने बोटांवर टोपणे चढवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढच्या अल्बममध्ये तारा सैल करून सूरही खाली आणला. त्याच्या जड आवाजावर त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला आणि हेवी मेटलची सुरुवात साधारणपणे तिथूनच धरली जाते. पुढच्या वीस वर्षांत हे संगीत अधिक वेगवान झाले, आवाज अधिक कर्कश झाला, ड्रमवर दोन्ही पायांनी पेडल मारून सलग गडगडाट काढण्याची रीत पडली. मात्र त्याची वाद्ये तीच राहिली: गिटार, बास, ड्रम आणि गळा.

ही चौकट 1991 मध्ये इंग्लंडमधल्या स्कायक्लॅड या बँडने मोडली. मार्टिन वॉकियर हा गायक-गीतकार सॅबट नावाच्या बँडमधून बाहेर पडला होता. नव्या बँडच्या पहिल्याच अल्बममध्ये, 'द वेवर्ड सन्स ऑफ मदर अर्थ'मध्ये, त्याने एका गाण्यात व्हायोलिनवर गावजत्रेतल्या नाचाची धून घेतली. फोक मेटलचा पहिला अल्बम म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. त्यात लोकसंगीताचा अंश तसा थोडा आहे, पण वाट दिसली एवढे पुरेसे होते. 1994 मध्ये फिनलंडच्या अमॉर्फिसने आपल्या देशाच्या 'कालेवाला' या महाकाव्यावर अल्बम केला. त्याच वर्षी इस्रायलच्या ऑर्फन्ड लँडचा पहिला अल्बम 'सहारा' आला आणि पश्चिम आशियातले सूर या संगीतात शिरले. 1995 मध्ये आयर्लंडच्या क्रुआखनने केल्टिक वाद्ये आणली, 1999 मध्ये फिनट्रोलने फिनलंडमधल्या गावनाचाचा हुम्पा ठेका आणला. 2003 मध्ये कोर्पिक्लानीचा पहिला अल्बम आला तोवर फोक मेटल ही युरोपात स्वतंत्र शाखा झाली होती. तिचे महोत्सव होते आणि तिचा श्रोता ठरलेला होता.

या सगळ्यांत एक फरक नीट पाहण्यासारखा आहे. काही बँड लोकवाद्य गाण्याच्या सुरुवातीला वाजवतात आणि गिटारी सुरू झाल्या की ते बाजूला ठेवतात. काहींच्या गाण्यातून लोकवाद्य काढले तर गाणे उभेच राहत नाही. ब्राझीलच्या सेपल्तुराने 1996 च्या 'रूट्स' अल्बमसाठी शावांती आदिवासींकडे जाऊन त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले, आणि तालवाद्यांना गिटारींच्या बरोबरीने बसवले. मंगोलियाच्या द हू या बँडने 2019 मधल्या 'द गेरेग' या पहिल्या अल्बममध्ये मोरिन खूर हे घोड्याच्या डोक्याचे तंतुवाद्य आणि घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारी गायकी मध्यभागी ठेवली. 'रक्षक' या दुसऱ्या जातीचा आहे, आणि त्याचे महत्त्वही त्यातच आहे.

भारतात या संगीताचा पहिला मोठा अड्डा मुंबई. 1984 मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीनने 1988 मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. पुढे या बँडने इंडस क्रीड हे नाव घेतले. 1986 पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला. उघड्या रंगमंचावर महाविद्यालयीन मुलांचे बँड आलटूनपालटून वाजवत आणि पावसाळ्यातही गर्दी हलत नसे. त्या पिढीची गाणी बहुतेक इंग्रजीत होती, आणि नमुना पूर्णपणे पाश्चात्त्य. मेटल करायचे म्हणजे घरातले संगीत दाराबाहेर ठेवायचे, अशीच त्या काळची समजूत होती. 2000 मध्ये मुंबईच्या साहिल मखिजाने डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड सुरू केला. स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची सोय केली आणि इतर बँडांचे अल्बमही काढले. 2007 मध्ये आयर्न मेडनचा बंगळूरला कार्यक्रम झाला. तेव्हापासून परदेशी मेटल बँड भारतात येऊ लागले आणि इथल्या बँडांना आपण जगाच्या नकाशावर आहोत याची खात्री पटली.

दरम्यान सिंगापूरच्या रुद्र या बँडने 1998 मधल्या पहिल्या अल्बमपासून वेदांताचे विषय आणि संस्कृत मंत्र मेटलमध्ये आणले होते. डेमॉनिक रेझरेक्शनने 2017 मध्ये 'दशावतार' हा अल्बम काढला. त्यातल्या गाण्यांना मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतारांची नावे आहेत आणि भारतीय वाद्यांचा उपयोगही मोकळेपणाने केलेला आहे. पण रुद्र असो वा 'दशावतार', भारतीयत्व येते ते पुराणातून आणि संस्कृतातून. गावातला, लग्नातला, जत्रेतला ठेका अजून आत यायचा होता.

तो आला विनोदाच्या वाटेने. करण कटियार हा दिल्लीचा तरुण पेशाने कंपनी कायद्याचा वकील होता, पण गिटार आणि बासरी वाजवत असे, आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र त्याने आत्मसात केले होते. नोकरी सोडून त्याने गाजलेल्या पॉप गाण्यांची मेटल रूपे करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. जयंत भादुला हा गायक त्याला मिळाला. त्याचा गळा स्वच्छ सुरातून गर्जनेत आणि गर्जनेतून परत सुरात असा सहज जातो. 2016 मध्ये या जोडीचे नाव ब्लडीवूड ठरले आणि 2017 मध्ये पॉप गाण्यांच्या मेटल रूपांचा एक संग्रह निघाला. इथपर्यंत हा इंटरनेटवरचा गमतीचा प्रकार होता.

2018 मध्ये दोन गाण्यांनी तो पालटला. पहिले 'आरी आरी', पंजाबी लोकगीताच्या बोलांवरचे. या गाण्यात राऊल केर हा रॅपर पाहुणा म्हणून आला आणि पुढे बँडचाच झाला. दुसरे म्हणजे दलेर मेहंदीच्या 1998 सालच्या 'तुनक तुनक तुन'चे मेटल रूप. दोन्ही गाण्यांत तुंबीचा एकतारी सूर आणि ढोल गिटारींच्या बरोबरीने धावतात. ही गाणी देशाबाहेर झपाट्याने पसरली. लोक हसायला आले होते आणि ठेक्यावर थांबले. मूळ मेटलच्या चाहत्यांना त्यात कुठेही तडजोड दिसेना. गिटार तितकीच जड होती, ड्रम तितकाच आक्रमक होता.

त्यानंतर बँडने स्वतःची गाणी लिहायला घेतली. 'जी वीरे' नैराश्याशी झुंजणाऱ्यासाठी आहे, आणि गाणे प्रकाशित करताना गरजूंसाठी समुपदेशनाची सत्रे मोफत ठेवली होती. 'एन्ड्युरंट' शाळकरी वयातल्या छळावर आहे. 'मची भसड' 2019 मध्ये आले. 2020 मधले 'याद' गेलेल्यांच्या आठवणींचे, आणि त्याच्या जोडीने भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला रुग्णवाहिका दिली गेली. गाण्यात जे म्हटले त्याला जोडून एखादे काम करायचे, हा या बँडचा शिरस्ता त्या काळात पडला. मेटलमध्ये रागाला कमतरता नसते, पण तो राग कोणाच्या उपयोगी पडावा याचा इतका सरळ विचार क्वचितच दिसतो.

2019 च्या उन्हाळ्यात ब्लडीवूड युरोपच्या दौऱ्यावर गेला. जर्मनीतल्या वाकन गावात दरवर्षी भरणारा महोत्सव हा मेटलवाल्यांचा सर्वांत मोठा मेळा. तिथे हा बँड पोचला तेव्हा रंगमंचावर वाजवण्याचा त्याचा अनुभव अगदी तुटपुंजा होता. आजवरचे काम घरच्या स्टुडिओतले आणि पडद्यावरचे. दौऱ्यासाठी ढोलावर सार्थक पाहवा, बासवर रोशन रॉय आणि ड्रमवर विशेष सिंग अशी जुळणी झाली. या दौऱ्याचा 'राज अगेन्स्ट द मशीन' नावाचा माहितीपटही निघाला. परतल्यावर काही महिन्यांतच महासाथ आली, दौरे बंद झाले. तो सक्तीचा मुक्काम अल्बमच्या कामी आला. पैसा प्रामुख्याने थेट श्रोत्यांकडून येत होता. दरमहा वर्गणी देणारे चाहते होते. ध्वनिमुद्रणापासून शेवटच्या मिश्रणापर्यंतचे काम कटियारच्या हातात होते.

'रक्षक'मधल्या दहा गाण्यांपैकी 'जी वीरे', 'एन्ड्युरंट', 'मची भसड' आणि 'याद' ही आधी सुटी प्रकाशित झालेली होती. ज्या दोन गाण्यांनी नाव केले ती 'आरी आरी' आणि 'तुनक तुनक तुन' मात्र अल्बममध्ये नाहीत. दुसऱ्याच्या चालीवर मिळालेली प्रसिद्धी पहिल्या अल्बमच्या दारातच उतरवून ठेवण्याचा हा निर्णय धाडसाचा होता आणि योग्यही. सुरुवात 'गद्दार'ने होते. धर्माच्या नावाने माणसे फोडणाऱ्या राजकारणावरचे हे गाणे आहे. 'आज' आणि 'जंजीरों से' स्वतःवरच्या विश्वासाची गाणी आहेत. 'दना दन' लैंगिक अत्याचार करणाऱ्यांवर तुटून पडते. अल्बममधला सर्वांत उघडा संताप या गाण्यात आहे. हिंदी ओळी भादुला गातो, इंग्रजी रॅप केर करतो, आणि बहुतेक वेळा एकाचे म्हणणे दुसरा पुढे नेतो. त्यामुळे परदेशी श्रोत्याला गाण्याचा विषय कळतो आणि इथल्या श्रोत्याला भाषांतर ऐकल्यासारखे वाटत नाही.

अल्बमचा कणा ढोल आहे, म्हणून त्याची घडण जवळून पाहायला हवी. पंजाबी ढोल लाकडाचा, पिंपासारखा, दोन्ही तोंडांना चामडे. गळ्यात अडकवून तो उभ्याने वाजवतात. खर्जाच्या बाजूला डग्गा म्हणजे टोकाशी वाकलेली जाड काठी आणि तारेच्या बाजूला तिल्ली ही वेताची बारीक छडी. डग्ग्याने वजन पडते, तिल्लीने मधल्या जागा भरतात. भांगड्याची चाल आठ मात्रांची, पण मात्रा सारख्या अंतरावर नसतात; त्यांत झोल असतो आणि त्या झोलामुळेच खांदे हलतात. मेटलचा ड्रम याच्या उलट. दोन्ही पायांचे पेडल घड्याळासारखे समान अंतरावर पडते. हे दोन ठेके एकमेकांच्या पायात पाय न घालता कसे चालणार, हा खरा प्रश्न होता. शिवाय डग्ग्याचा घुमारा, पायाचा ड्रम आणि खाली लावलेली गिटार हे सगळे आवाज खर्जाच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात आणि नीट जागा केली नाही तर चिखल होतो. 'रक्षक'मध्ये हे सुटले आहे ते कामाच्या वाटणीमुळे. जिथे ढोल चाल धरतो तिथे गिटार लांब सूर न ओढता तुटक आघात करते आणि तालवाद्यच होते. जिथे दुहेरी पेडल सुरू होते तिथे ढोल तिल्लीच्या बाजूने वर तरंगतो. बासरी या गोंधळाच्या वर मोकळी राहते, कारण त्या उंचीवर दुसरे कोणी नसते.

मराठवाड्याच्या कानाला हे ऐकताना ओळखीचे वाटते, याला कारणे आहेत.  हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि औंढा नागनाथाशी त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा जोडलेली आहे. नामदेव पुढे पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे स्थान आहे, आणि 1604 मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची 61 पदे आहेत. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेही घुमानलाच. हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी कीर्तन आणि उत्सवाचे नगारे या मुलखाला परके राहिलेले नाहीत.

मग मेटलपर्यंत पंजाबी ढोल पोचला आणि मराठवाड्याचा संबळ पोचला नाही, असे का झाले? आवाजाचा दोष नाही. संबळ म्हणजे दोन लहान नगाऱ्यांची जोडी, एक खर्जाचा आणि एक चढा. वाद्य कमरेशी बांधायचे आणि काड्यांनी वाजवायचे. गोंधळात दिवटीच्या उजेडात रात्रभर कथा चालते, तुणतुण्याचा एकच सूर मागे अखंड धरलेला असतो आणि कथेत युद्ध आले की संबळ लय दुप्पट करतो. एक धरलेला सूर आणि त्याखाली चढत जाणारी लय, ही तर मेटलची मूळ रचनाच. हलगीचेही तसेच. लोखंडी कड्यावर ताणलेले शेळीचे कातडे, वाजवण्याआधी जाळावर शेकून ते कडक करायचे, आणि मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. शेकलेल्या हलगीचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तीरासारखा लागतो. ध्वनिवर्धकाची गरज पडत नाही. तांड्यांवरच्या बंजारा होळीतला नगारा आणि त्यावरच्या लेंगी गीतांचा जोरही कमी नाही.

फरक पडला तो वाद्यांच्या सामाजिक वाटचालीत. ढोल फाळणीनंतर पंजाबी कुटुंबांबरोबर दिल्लीत आणि विलायतेत गेला, लग्नांत शिरला, 1980 नंतर ब्रिटनमधल्या भांगडा बँडांनी त्याला सिंथेसायझरशेजारी उभे केले आणि 1990 च्या दशकात दूरचित्रवाणीवरच्या पॉपने तो घराघरांत नेला. ब्लडीवूडच्या हाती आला तेव्हा ढोल विजेच्या वाद्यांशी वागायला शिकलेला होता. संबळ देवीच्या विधीला बांधलेला राहिला. आणि हलगी तर गावकीच्या कामाला. जातीने नेमून दिलेले काम म्हणून ती ज्यांच्या गळ्यात पडली, त्यांच्यातल्या अनेकांनी स्वाभिमानाच्या चळवळीत ती खाली ठेवली, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ही वाद्ये मोठ्या आवाजात सर्वदूर गेली ती मराठी चित्रपटांतून. 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त हलगी थेट कथेच्या मध्यभागी आली, तिच्यामागच्या सगळ्या अपमानासकट. त्या चित्रपटात हलगीला जो राग सापडला आहे, तो कोणत्याही मेटल गाण्याला पुरून उरेल.

'रक्षक'चे स्वागत मोठे झाले. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या याद्यांत तो झळकला. भारतीय मेटल बँडसाठी ही नवी गोष्ट होती. 2022 मध्ये बँड पुन्हा युरोपात गेला आणि इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात वाजवून आला. जुलैच्या अखेरीस जपानच्या फुजी रॉक महोत्सवात झालेला कार्यक्रम विशेष गाजला. सार्थक पाहवा ढोल गळ्यात घेऊन रंगमंचाच्या पुढच्या कडेला, गायकांच्या रांगेत उभा राहतो. तालवादकाने मागे बसायचे हा रॉकचा जुना नियम. इथे ढोलकरी पुढे असतो आणि श्रोते त्याच्या हातांकडे पाहून उड्या मारतात. वाजवणाऱ्याला मिळालेली ही जागा अल्बमच्या यशाइतकीच मोलाची आहे.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. 2024 मध्ये देव पटेलच्या 'मंकी मॅन' या चित्रपटात 'दना दन' वापरले गेले. बँडने अमेरिकेतल्या फिअरलेस रेकॉर्ड्सशी करार केला आणि मार्च 2025 मध्ये 'नू दिल्ली' हा पुढचा अल्बम तिथून प्रकाशित झाला. त्यातल्या 'बेखौफ' या गाण्यात जपानचा बेबीमेटल हा बँड सहभागी आहे.